कौलं उतरवताना

मागच्या मे महिन्यात आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीवरची कौलं उतरवली. पुढच्या भागावर पत्रा चढून सहा वर्षं झाली, मागचं तेवढं राहिलं होतं. वासे वाळवीने खाल्लेले, रिपा हाताने मोडत होत्या, आणि पावसाआधी वर चढून कौलं झाडायला आता वाडीत माणूस मिळत नाही. दादा वर चढला, मी खाली उभा राहिलो, पुतण्या माझ्याकडून कौलं घेऊन गडग्याला रचत होता. बाबा अंगणात फणसाखाली खुर्ची टाकून बसले होते. बाबांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. जयगडच्या खाडीच्या अलीकडे आमच्या पंचक्रोशीत निदान चाळीस घरं त्यांच्या हातची आहेत. त्यामुळे ते नुसते बसले होते असं म्हणता येणार नाही, दर पाच मिनिटांनी खुर्चीतून आवाज येत होता.

दादा दोन-दोन कौलं जोडीने सोडायचा, मी झेलायचो. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एका खेपेला पाच किलो, तेही डोक्याच्या वर चार-पाच फुटांवरून. हात ताठ धरला तर कौल फुटतं आणि बोटं चेचतात. कौल तळहाताला टेकलं की हात त्याच्यासोबत खाली जाऊ द्यायचा, वीतभर, मग कोपरात वळवून पोटाशी घ्यायचं. आणि ते पोटाशी येईपर्यंत नजर त्याच्यावरून काढायची नाही. पुढच्या जोडीकडे बघायला मान वर गेली की हातातली जोडी गेलीच. मी आठवीत असताना बाबांनी हे शिकवलं. दर मे महिन्यात घर शाकारायचं असायचं, आपलंच नव्हे तर बाबा जिथे कामाला असतील तिथलंही. "आरं, कौलाला पकडू नको," बाबा म्हणायचे, "त्याला हातात येऊ दे."

साठ-सत्तर कौलं झाली, हाताला जुनी लय सापडली, आणि मला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू जेरी राइस आठवला. कौलं झेलताना तो मला नेहमी आठवतो. त्याच्यावर लिहायचं लिहायचं म्हणून किती वर्षं नुसतं मनात ठेवलंय. आज लिहितो.

आमच्याकडे अमेरिकन फुटबॉल कोणी बघत नाही, म्हणून आधी थोडं खेळाविषयी सांगतो. नावात फुटबॉल असला तरी बहुतेक वेळ चेंडू हातात असतो. मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार डाव मिळतात, नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन समोरच्याच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण. चेंडू दोन्हीकडून निमुळता, साधारण चारशे ग्रॅमचा. आकार डोळ्यांपुढे आणायचा तर लहानसा असोला नारळ आठवा. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू तो फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. यातली खरी गंमत अशी की, चेंडू फेकला जातो तेव्हा रिसीव्हर बहुतेकदा त्या जागी पोचलेलाच नसतो, कधी कधी तो अजून मागे वळलेलाही नसतो. इतकी पावलं सरळ, मग इकडे वळण, ही वाट दोघांनी आधी ठरवलेली. फेकणारा रिकाम्या जागेत फेकतो, झेलणारा तिथे येऊन पोचतो, आणि त्याला अडवायला, पाडायला एक-दोन जण अंगाला चिकटून धावत असतात. आपल्याकडे सीमारेषेवर उंच उडालेला झेल घेताना मैदान श्वास रोखून धरतं. इथे तो झेल पळता पळता घ्यायचा, आणि घेताना कोणीतरी तुमच्या बरगडीत खांदा घालणार आहे हे माहीत असूनही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते २६ जानेवारी २००३ला, अमेरिकेतल्या ओकलंड बंदरात. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बोटीवरच्या नोकरीतलं माझं दुसरंच कॉन्ट्रॅक्ट. कंटेनर बोट धक्क्याला लागली होती, माझी वॉच संपली होती, आणि शोअर लीव्ह मिळाली म्हणून खलाशांच्या केंद्रात गेलो घरी फोन लावायला. दुपारचे साडेतीन झाले होते, म्हणजे गावी पहाटेचे पाच. इतक्या पहाटे घरचा फोन वाजला की आईच्या पोटात गोळा येतो, म्हणून उजाडायची वाट बघत बसलो. टीव्हीवर सुपर बोल लागला होता, त्या खेळाचा वर्षातला शेवटचा आणि सगळ्यांत मोठा सामना. ओकलंड रेडर्स विरुद्ध टँपा बे बकनिअर्स. केंद्रात मदतीला येणारे एक म्हातारे गृहस्थ होते, अंगात काळी-चंदेरी जर्सी, डोक्याला तशीच टोपी. मला काही समजत नाहीये हे बघून ते शेजारी येऊन बसले आणि कागदाच्या कपावर पेनाने रेघा मारून खेळ समजावू लागले.

रेडर्सची दशा वाईट होती. तिसऱ्या सत्रात फळा ३४-३. त्यांच्या क्वार्टरबॅकने त्या दिवशी पाच चेंडू समोरच्यांच्या हातात दिले. म्हाताऱ्या बाबांनी समजावणं थांबवलं होतं, कप हातात दाबून नुसते बघत होते. मग त्यांनी पडद्यावर ८० नंबरच्या खेळाडूकडे बोट दाखवलं. हा चाळीस वर्षांचा आहे म्हणाले. मला वाटलं मी ऐकण्यात चूक केली. इतक्या आडदांड खेळात चाळीस? मग ते म्हणाले, याचा बाप विटांचं काम करायचा, हा लहानपणी विटा झेलायचा.

मी खुर्चीत सावरून बसलो.

शेवटच्या सत्रात त्या ८० नंबरने ४८ यार्डांचा टचडाउन केला. फळा ३४-२१ झाला आणि क्षणभर वाटलं की अजून काही होऊ शकतं. झालं काही नाही. शेवटी दोन चेंडू अडवून बकनिअर्सनी फळा ४८-२१ केला. पण चार वेगवेगळ्या सुपर बोलमध्ये टचडाउन झेलणारा तो पहिला माणूस ठरला होता, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला दिसलं ते इतकंच, की तिशीतल्या पोरांच्या गर्दीतून तो चेंडू घेऊन रेषेपर्यंत पूर्ण वेगाने गेला. गुणांचा हिशोब काय चाललाय याच्याशी त्या पळण्याचा काही संबंध दिसत नव्हता.

नंतर घरी फोन लागला. सगळ्यांची खुशाली झाल्यावर मी बाबांना सांगितलं, इथे एक गवंड्याचा मुलगा बघितला, विटा झेलून झेलून मोठा खेळाडू झालेला. फोनवर थोडी शांतता. मग बाबांनी विचारलं, "विटा कोरड्या की ओल्या?" मी म्हटलं ते कसं माहीत असणार. बाबाच म्हणाले, "ओल्याच असतील. कोरडी वीट कोण लावतो? चुना-शिमिटाचं पाणी पिऊन टाकते ती. ओली वीट जड, आणि हातातनं निसटते. झेलत असला तर पोरगा तयारीचा."

तेव्हापासून मी त्याच्या, म्हणजे जेरी राइसच्या, मागे लागलो. बंदराबंदरातल्या केंद्रांमध्ये जुनी मासिकं पडलेली असत, ती चाळली. पुढे फोनवरच सगळे सामने बघायला मिळू लागले.

जेरी राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२चा, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल इथला. वाढला तो जवळच्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात. आठ भावंडांतला सहावा. वडील जो नेथन गवंडी, विटांची घरं बांधायचे. उन्हाळ्यात पोरं त्यांच्या हाताखाली. भाऊ खालून विटा फेकायचे, जेरी वर पराचीवर उभा राहून झेलायचा, वडिलांच्या हाताशी रचायचा. मिसिसिपीतला उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखाच, हवेत पाणी भरलेलं, सावलीतही घाम. बाप कडक होता. पोरांनी हातातलं काम टाकलेलं त्याला चालायचं नाही.

त्याच्यावर लिहिणारे सगळे या विटांपाशी थांबतात. विटा झेलल्या म्हणून हात असे झाले, संपली गोष्ट. इथे माझं मत वेगळं आहे, आणि ते मी माझ्या घरावरून सांगतो. त्या विटा त्याच्या भावांच्याही हाताखालून गेल्याच की. आमच्या घरी कौलं दादानेही झेलली, मीही झेलली, चुलत्याच्या दोन पोरांनीही झेलली. चौघांचेही हात तयार झाले. गावच्या टेनिस क्रिकेटमध्ये आमच्या वाडीचे झेल सुटत नसत हे खरं आहे. पण त्यापुढे आम्ही कोणी गेलो नाही. विटेने जेरी राइसला हात दिले असतील. बाकीचं त्याने कुठून आणलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

फुटबॉलकडे तो आला तो पळून जाताना. शाळेत तास बुडवून फिरत होता, मागून उपमुख्याध्यापक आले, हा दचकून जो सुटला तो त्यांच्या हाती लागला नाही. इतका वेग बघून त्यांनी त्याला फुटबॉलच्या संघात जायला सांगितलं. आईला हा खेळ मुळीच पसंत नव्हता, पोराचे हातपाय मोडतील म्हणून. पण तो राहिला. मोठ्या विद्यापीठांपैकी कोणी त्याला बोलावलं नाही. तो गेला इटा बेना गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या छोट्या विद्यापीठात. तिथे आर्ची कूली नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी त्या काळच्या रिवाजाविरुद्ध चेंडू सारखा फेकतच राहायचा खेळ बसवला होता, कधी एकाच बाजूला चार-चार रिसीव्हर उभे करून. फेकणारा विली टॉटन, झेलणारा राइस. १९८४च्या हंगामात त्यांच्या संघाने सामन्यामागे सरासरी साठ गुण केले, आणि राइसने एकट्याने २७ टचडाउन झेलले. जगात असा चेंडू नाही जो हा झेलणार नाही, म्हणून मित्र त्याला 'वर्ल्ड' म्हणायचे. आज तिथल्या मैदानाला राइस आणि टॉटन या दोघांचं नाव आहे. फेकणाऱ्याचं नाव सोबत आहे याचा मला फार आनंद वाटतो. वर झेलणारा कितीही चांगला असो, खालून नीट फेकणारा नसेल तर घराचं कौलही चढत नाही.

त्याच वर्षी एका शनिवारी रात्री सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श ह्यूस्टनच्या हॉटेलात बसले होते, दुसऱ्या दिवशी त्यांचा सामना होता. टीव्हीवर त्यांना हा पोरगा दिसला आणि मनात बसला. १९८५ साली विद्यापीठांतले नवे खेळाडू सगळ्या संघांनी पाळीपाळीने निवडायची वेळ आली तेव्हा गतविजेते असल्यामुळे त्यांचा नंबर पहिल्या फेरीत शेवटचा होता. वॉल्शनी आपले काही नंबर दुसऱ्या संघाला देऊन वरची जागा घेतली आणि सोळाव्या नंबरावर राइसला उचललं. त्याच्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. पुष्कळांचं म्हणणं होतं की हा काही तितका वेगवान नाही.

आणि पहिल्याच हंगामात त्याच्या हातून चेंडू सुटू लागले. सोपे, छातीवर आलेले चेंडू. त्याच्या स्वतःच्या मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. विटा झेलणाऱ्या माणसाच्या हातातून चेंडू का सुटावा? मला हे ताबडतोब समजलं, कारण हे मी स्वतः बघितलंय. मन पुढच्या कामात गेलं की हातातलं जातं. वॉल्शचा खेळ गुंतागुंतीचा, शेकडो वाटा पाठ करायच्या, समोरचे कसे उभे आहेत ते बघून पळता पळता बदलायच्या. पोराचं डोकं वाटेत अडकलं होतं, आणि चेंडू पोटाशी यायच्या आधीच नजर पुढे जात होती. वाटा अंगात मुरल्या तसे हात परत आले. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एका रात्रीत त्याने १० झेल आणि २४१ यार्ड काढले. संघ तो सामना हरला, पण त्यानंतर त्याच्या हातांविषयी कोणी बोललं नाही.

म्हणजे, जवळजवळ कोणी नाही. ४ जानेवारी १९८७ला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. सुरुवातीलाच राइसने चेंडू झेलला, सगळ्यांना मागे टाकलं, समोर मोकळं मैदान. कोणी हात लावलेला नसताना पळता पळता चेंडू त्याच्या हातातून निसटला. फोर्टीनायनर्स तो सामना ४९-३ असा हरले. मी ती चित्रफीत अनेकदा बघितली आहे आणि दर वेळी माझ्या हाताची बोटं आपोआप आवळतात. एवढ्या मोठ्या पराभवात त्या एका चेंडूने फरक पडला नसता असं कोणीही म्हणेल. पण ज्याच्या हातातून सुटतं त्याचा हिशोब असा नसतो. पुढच्या, १९८७च्या हंगामात खेळाडूंचा संप झाला, राइसच्या वाट्याला बाराच सामने आले. त्या बारा सामन्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. हा विक्रम पुढे २००७ साली रँडी मॉसने २३ करून मोडला, सोळा सामन्यांत.

त्याच्या मेहनतीचं सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. एकच गोष्ट सांगतो, जी मला कौलांइतकीच जवळची वाटते. सरावात रिसीव्हर चेंडू झेलतात, चार पावलं टाकतात आणि परत येतात. सराव आहे, काम झालं. राइस प्रत्येक झेलानंतर टचडाउनच्या रेषेपर्यंत पूर्ण पळत जायचा. कितीही अंतर असो, कितव्यांदाही असो. आणि हंगाम नसताना सॅन कार्लोसजवळच्या डोंगरावर सुमारे चार किलोमीटरच्या चढाच्या वाटेवर पळायचा. ती वाट त्याला संघातल्या रॉजर क्रेगने दाखवली. त्याच्याबरोबर पळायला आलेले धडधाकट खेळाडू अर्ध्या वाटेत बसायचे म्हणतात. आमच्या वाडीतून सड्यावर जाणारी पाखाडी आहे, जांभ्याच्या पायऱ्यांची. सुट्टीवर आलो की मी पहाटे ती दोनदा चढतो. पहिल्यांदा चढताना पाय बोलतात, दुसऱ्यांदा चढताना मन बोलतं. शेवटच्या वळणावर कातळ लागतो आणि तिथून समुद्र दिसतो. दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं. राइस अशा जागी थांबायचा नाही.

२२ जानेवारी १९८९चा सुपर बोल, मायामीत, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध. दुखरा घोटा घेऊन राइस खेळला आणि ११ झेलांत २१५ यार्ड काढून सामनावीर ठरला. पण मला सगळ्यांत आवडतो तो त्या सामन्यातला शेवटचा डाव, ज्यात चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. जेमतेम तीन मिनिटं उरलेली, संघ तीन गुणांनी मागे, आणि जायचं होतं ९२ यार्ड, म्हणजे जवळजवळ सगळं मैदान. जो मोंटाना फेकत गेला, राइसने त्यात तीन झेल घेऊन ५१ यार्ड ओलांडून दिले. शेवटचे दहा यार्ड राहिले. राइस एका बाजूकडून हलत निघाला आणि बेंगल्सची नजर त्याच्यामागे गेली, जायलाच हवी होती, दिवसभर त्याने त्यांना रडवलं होतं. चेंडू गेला मधून जॉन टेलरकडे. ३४ सेकंद बाकी असताना टचडाउन, सामना २०-१६. झेलण्याच्या जोरावर जगज्जेता झालेल्या माणसाने शेवटी रिकाम्या हाताने सामना जिंकून दिला. समोरच्या संघात एडी ब्राउन नावाचा रिसीव्हर होता, १९८५ साली राइसच्या आधी निवडलेल्या दोघांतला एक.

पुढच्या वर्षी पुन्हा सुपर बोल जिंकला, डेन्व्हरविरुद्ध ५५-१०, त्यात राइसचे तीन टचडाउन. मग मोंटानाच्या जागी स्टीव्ह यंग आला. तो डावखुरा. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण डावखुऱ्याने फेकलेला चेंडू हवेत उलटा फिरत येतो आणि हातात वेगळा बसतो. दादा डावखुरा आहे, मी शेंगदाण्याएवढ्या कौलाच्या तुकड्यावरूनही सांगू शकतो की तो दादाने टाकला की चुलत्याने. राइसने ती सवयही लावून घेतली, आणि १९९५च्या जानेवारीत सॅन डिएगोविरुद्धच्या सुपर बोलमध्ये दुखावलेल्या खांद्याने पुन्हा तीन टचडाउन केले. त्याआधी, ५ सप्टेंबर १९९४ला त्याने जिम ब्राउनचा १२६ टचडाउनचा जुना विक्रम ओलांडला होता.

१९९७च्या पहिल्याच सामन्यात टँपामध्ये त्याचा गुडघा फाटला. दुखापतीमुळे एकही सामना न चुकवलेला माणूस. डॉक्टरांच्या हिशोबाने वर्ष गेलं होतं. तो साडेतीन महिन्यांत परत आला, १५ डिसेंबरला, टचडाउन झेलला, आणि पडताना त्याच पायाची वाटी तडकली. ही घाई चुकीची होती असं मला वाटतं. बाबा एकदा हाताला पट्टी असताना पराचीवर चढले होते, त्यांनाही मी हेच म्हणालो होतो आणि त्यांनीही ऐकलं नव्हतं. राइस पुढच्या हंगामात पहिल्या सामन्यापासून मैदानात होता आणि त्या वर्षीही हजार यार्डांच्या वर गेला.

२००१ साली फोर्टीनायनर्सनी त्याला सोडलं. खाडी ओलांडून तो ओकलंडला गेला, आणि तिथे २००२च्या हंगामात, चाळिशी गाठताना, ९२ झेल आणि १२११ यार्ड. मी त्या केंद्रात बसून बघितला तो हा माणूस.

आता आकडे सांगतो, कारण इथे आकडे सांगितल्याशिवाय काही कळत नाही. वीस हंगाम, ३०३ सामने. १५४९ झेल. २२,८९५ यार्ड. झेलून केलेले १९७ टचडाउन, एकूण २०८. यार्डांच्या यादीत त्याच्यामागे लॅरी फिट्झजेराल्ड आहे, १७,४९२. मधलं अंतर ५४०३ यार्डांचं. रिसीव्हरने एका हंगामात हजार यार्ड केले तर वर्ष चांगलं गेलं म्हणतात. म्हणजे फिट्झजेराल्डएवढी थोर कारकीर्द पूर्ण करून आणखी पाच चांगली वर्षं काढावीत, तेव्हा कुठे राइसच्या जवळ पोचता येईल. २२,८९५ यार्ड म्हणजे जवळजवळ एकवीस किलोमीटर. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीकडे निघालं तर बराचसा रस्ता होईल हा. तो सगळा, दर पावलाला कोणीतरी पाडायला टपलेलं असताना, तुकड्यातुकड्याने कापलेला.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. २०१५ साली राइसने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं की तो हातमोज्यांवर थोडा चिकट फवारा मारायचा. असं काही हाताला लावायला लीगने १९८१ सालीच बंदी घातली होती. त्या काळी सगळेच करायचे, असं त्याने नंतर म्हटलं. मी तेव्हा सिंगापूरजवळ अँकरवर होतो आणि ते वाचून रात्रभर बेचैन होतो. सगळे करायचे हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. चिकटपणाने एकवीस किलोमीटर होत नाहीत, ते मला माहीत आहे. तरी ते त्याने करायला नको होतं.

शेवट कोणाचाच मनासारखा होत नाही. सप्टेंबर २००४मध्ये एका सामन्यात त्याच्या वाट्याला एकही झेल आला नाही, आणि लागोपाठ २७४ सामन्यांची त्याची मालिका तुटली. मग थोडे दिवस सिएटल. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या सराव शिबिरात गेला, तिथे पाठीमागच्या रांगेत बसावं लागणार हे दिसल्यावर ५ सप्टेंबर २००५ला थांबला. २००६ साली फोर्टीनायनर्सनी त्याच्याशी नावापुरता करार केला, त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावं यासाठी. करारावरची रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर ४९ सेंट. १९८५ साली आला, नंबर ८०, साल ०६, आणि ४९ संघाचं नाव.

२०१० साली फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला, तेव्हाचं त्याचं भाषण मी एकटा बसून ऐकलं, रात्रीच्या वॉचनंतर. तिथे तो म्हणाला की हरण्याची भीती हेच त्याचं इंजिन होतं, वडिलांच्या हाताखालीसुद्धा. आणि कारकिर्दीत पस्तावा एकच, की त्याने तिचा आनंद घ्यायला कधी वेळच काढला नाही. पुन्हा संधी मिळाली तरी आपण बहुधा तसंच करू, असंही त्याने कबूल केलं. त्याचे वडील तोवर वारले होते. मी ते भाषण बाबांना मराठीत सांगितलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बापाने एकदा तरी बरं झालं म्हणायला हवं होतं." आमच्या घरीही ते कधी कोणी म्हटलं नव्हतं. ते तसे बोलल्यावर मी उठून बाहेर जाऊन आलो.

आता पुन्हा त्या मे महिन्यातल्या कौलांकडे येतो. दुपारी जेवून परत लागलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, आता मी झेलतो." सतरा वर्षांचा आहे, वाडीच्या संघात सीमारेषेवर उभा असतो. पहिली जोडी त्याच्या छातीवर आपटून खाली गेली, दोन्ही कौलं फुटली. दुसरी जोडी हातात आली, पण बोट चेचलं. मी म्हटलं राहू दे. तो बोट तोंडात घालून उभा राहिला, मग पुन्हा हात वर केले. दादा वरून बघत होता, सोडू की नको.

"सोड," बाबा खालून म्हणाले. आणि पोराला, "डोळे वर नको न्हेऊस. येऊ दे त्याला."

संध्याकाळपर्यंत शेवटची ओळ उरली. आढ्याजवळची, सगळ्यांत उंचावरची. बाबांनी खुर्ची फणसाखालून काढली आणि ओढत ओढत पोराच्या बाजूला, कौलांचे तुकडे उडतील इतक्या जवळ आणून ठेवली.